चेहऱ्यावरचे भाव आणि एफएमआरआय: आधी ‘कशाच्या तुलनेत?’ ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मानसशास्त्रात एम.ए. करताय आणि प्रबंधासाठी एफएमआरआय स्कॅनरचा थोडा वेळ मिळतोय. वीस जणांना आनंदी, रागावलेले, घाबरलेले, दुःखी आणि निर्विकार चेहरे दाखवायचे आणि कोणता भाव मेंदूच्या कोणत्या भागात ओळखला जातो ते शोधायचं, असा बेत आहे. भीतीसाठी अमिग्डाला (मेंदूत खोलवर असलेला बदामाएवढा भाग) हे तुम्ही वाचलंय, बाकीच्या भावांचे भाग हवे आहेत. शिवाय फोटो किती, प्रत्येक किती वेळ आणि वीस माणसं पुरतील का, हेही विचारलंय.

फोटो आणि सेकंदांचं पुढे बघू. ते तुलनेने सोपं आहे. अडचण आहे ती ‘कोणता भाव कुठे ओळखला जातो’ या वाक्यात. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनशी निगडित एक सिग्नल मोजतो आणि त्या सिग्नलच्या नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो. एका परिस्थितीत तो दुसरीपेक्षा किती वाढला, एवढंच कळतं. म्हणजे शोधनिबंधांत मेंदूच्या चित्रावर दिसणारा प्रत्येक रंगीत ठिपका ही एक वजाबाकी असते. कशातून काय वजा करायचं हे ठरलं, की निम्मं उत्तर स्कॅनर सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. चेहऱ्यांचे प्रयोग आखणं आणि त्यांचा डेटा तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. कुणाचाही प्रस्ताव हातात आला की मी आधी ही वजाबाकीची ओळ शोधतो. बहुतेक वेळा ती लिहिलेलीच नसते. तुमच्याही प्रश्नात नाही.

दुसरी गोष्ट, ‘ओळखणं’ ही एकच क्रिया नाही. समोर चेहरा आहे हे कळतं, डोळे-भुवया-ओठ नेहमीपेक्षा वेगळे झालेत हे दिसतं, ती ठेवण भीतीची आहे हे उमगतं, त्यासाठी शब्द सापडतो, आणि कधीकधी पाहणाऱ्याच्याही पोटात जरा गोळा येतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं. ब्रूस आणि यंग यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की ‘हा कोण’ आणि ‘याच्या चेहऱ्यावर काय’ या दोन वेगळ्या वाटा आहेत. हॅक्सबी, हॉफमन आणि गोबिनी यांनी २००० मध्ये त्याला मेंदूचा नकाशा जोडला. डोक्याच्या मागच्या बाजूला चेहऱ्याचे अवयव टिपणारा भाग, खालच्या बाजूला फ्युसिफॉर्म या वळीमधला चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देणारा भाग (हा कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नीट दाखवला) आणि कानाच्या वरच्या बाजूला, जिथे नजर नि ओठ-भुवयांच्या हालचाली वाचल्या जातात तो सुपिरियर टेम्पोरल सल्कस, म्हणजे एसटीएस. हा झाला गाभा. अमिग्डाला, इन्सुला (मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला भाग), पुढचे फ्रंटल भाग ही त्याला जोडलेली विस्तारित यंत्रणा. ओळख फ्युसिफॉर्ममध्ये आणि भाव एसटीएसमध्ये, अशी सरळ वाटणी मात्र पुढच्या कामांत टिकली नाही. फ्युसिफॉर्ममध्येही भावांची माहिती सापडते.

आता वजाबाकीकडे या. समजा तुम्ही भावयुक्त चेहरे विरुद्ध गोल-लंबगोल आकृत्या अशी तुलना केली. अमिग्डाला झकास उजळेल, फ्युसिफॉर्मही उजळेल, रिझल्ट बघून तुम्ही खूश व्हाल. पण या वजाबाकीत ‘चेहरा असणं’ आणि ‘भाव असणं’ दोन्ही मिसळलेत. त्यातून भावांबद्दल काही म्हणता येत नाही. म्हणून घाबरलेले विरुद्ध निर्विकार चेहरे घेतले, तर चेहरा दोन्हीकडे आहे, ती अडचण मिटली. पण घाबरलेल्या चेहऱ्यात डोळ्यांचं पांढरं जास्त दिसतं, हसऱ्या चेहऱ्यात दात दिसतात, रागात भुवयांच्या मध्ये गडद आठ्या पडतात. मेंदू कशाला प्रतिसाद देतोय, भावाला की या उजेड-काळोखाच्या फरकाला? ही शंका उगाच काढलेली नाही. व्हॅलन यांच्या गटाने २००४ मध्ये घाबरलेल्या चेहऱ्यातलं फक्त डोळ्यांचं पांढरं, तेही कळणार नाही इतक्या थोड्या वेळासाठी दाखवलं. तेवढ्यावरही अमिग्डालाचा प्रतिसाद आनंदी डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा जास्त आला.

आणि निर्विकार चेहरा हा शून्य मानायलाही माझी हरकत आहे. भावरहित फोटो बराच वेळ बघत राहिलं तर अनेकांना तो माणूस नाराज किंवा तुसडा वाटतो. चिंताग्रस्त सहभागींना जास्तच. मी पायलटमध्ये, म्हणजे खऱ्या प्रयोगाआधीच्या छोट्या चाचणीत, निर्विकार फोटोंनाही ‘हा कसा वाटतो?’ असं रेटिंग घ्यायला सांगतो, आणि जे फोटो सातत्याने रागीट ठरतात ते काढून टाकायला लावतो.

सहभागीला तुम्ही काय करायला सांगता, ते याहून महत्त्वाचं. हरिरी, बुकहायमर आणि मॅझिओटा यांचा २००० सालचा प्रयोग तुम्ही वाचलाच पाहिजे. रागीट आणि घाबरलेले चेहरे दोन्ही कामांत होते. एका कामात खालच्या दोन चेहऱ्यांपैकी वरच्याशी जुळणारा भाव कोणता ते सांगायचं, दुसऱ्यात त्याच भावाचं नाव निवडायचं. जुळवताना अमिग्डालाचा प्रतिसाद वाढलेला होता. नाव देताना तो कमी झाला आणि उजव्या बाजूच्या प्रीफ्रंटल (कपाळामागच्या) भागाचा वाढला. भाव तेच, फक्त काम बदललं आणि चित्र उलटंपालटं झालं. म्हणजे तुम्ही ‘भाव ओळखा, बटण दाबा’ असं सांगून अमिग्डाला शोधायला निघालात, तर जे शोधताय तेच तुमच्या सूचनेने दाबलं जाण्याची शक्यता आहे. उलट काहीच काम न देता नुसतं बघायला सांगितलं, तर भाव ओळखला की नाही याचा पुरावाच हातात राहत नाही. शिवाय आडवं पडून, कानात प्लग घालून, एकसुरी आवाजात माणसं झोपतात. डेटात ते लगेच कळत नाही.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट म्हणजे वेळ. आनंद सगळ्यात पटकन आणि बिनचूक ओळखला जातो. भीती ओळखायला वेळ लागतो आणि आश्चर्याशी तिची गल्लत होते. माणूस जितका जास्त वेळ विचार करतो तितका पुढच्या भागांतला सिग्नल वाढतो. तेव्हा ‘भीती वजा आनंद’मध्ये इन्सुला आणि सिंग्युलेट (मेंदूच्या आतल्या बाजूचा, मध्यावरचा भाग) उजळले, तर ते भीतीचं केंद्र की अवघड प्रश्नाची खूण? प्रतिसादाचा वेळ सांख्यिकी मॉडेलमध्ये घातल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. बटणांचंही तसंच. पाच भावांना पाच बोटं दिलीत तर सहभागीचं निम्मं लक्ष ‘दुःख म्हणजे कोणतं बोट?’ यात जाईल, आणि प्रत्येक भावाला एक ठरलेलं बोट चिकटल्यामुळे हालचालीचा सिग्नल भावाच्या सिग्नलमध्ये मिसळेल. मी दोनच पर्याय देतो. चेहरा गेल्यावर ते शब्द पडद्यावर येतात, आणि कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे हे दरवेळी बदलतं. उत्तर तोंडाने मात्र घेऊ नका, जबड्याबरोबर डोकं हलतं.

आता अमिग्डाला. ‘भीतीसाठी अमिग्डाला’ हे पुस्तकातलं वाक्य कुठून आलं ते समजलं, तर त्याचं वजन किती धरायचं तेही समजेल. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डाला एका दुर्मिळ आजारात निकामी झाल्या होत्या. अ‍ॅडॉल्फ्स, ट्रॅनेल आणि दमासिओ दांपत्य यांनी १९९४ मध्ये दाखवलं की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. पाठोपाठ १९९६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनने आणि ब्रायटर आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयने, घाबरलेले चेहरे बघताना निरोगी माणसांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद वाढतो हे दाखवलं. दोन्हीकडून पुरावा, गोष्ट पक्की झाली असं वाटलं. मग २००५ मध्ये अ‍ॅडॉल्फ्स यांच्याच गटाने एस. एम.ची नजर कुठे जाते ते मोजलं. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. ‘डोळ्यांकडे बघ’ असं सांगितल्यावर तिला भीती इतरांसारखीच ओळखता आली. सूचना थांबली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या निष्कर्षाने अमिग्डालाची भूमिका कमी झाली नाही, पण वेगळी झाली. भीती ‘वाचणारा’ भाग म्हणण्यापेक्षा, चेहऱ्यातल्या महत्त्वाच्या जागेकडे लक्ष वळवणारा भाग म्हणणं जास्त जुळतं, आणि भीतीची खूण डोळ्यांत असते म्हणून अमिग्डाला गेली की भीतीच्या ओळखीला फटका जास्त बसतो. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की स्कॅनरमध्ये आय-ट्रॅकर (नजर कुठे जाते ते टिपणारा कॅमेरा) असेल तर हट्टाने वापरा. नसेल तर चेहऱ्याआधी येणारी फुली कधी डोळ्यांच्या जागी, कधी तोंडाच्या जागी ठेवा, म्हणजे नजर कुठून सुरू झाली हे तरी तुमच्या ताब्यात राहील. आणि हो, चष्म्याचं आधीच विचारा. धातूची फ्रेम आत चालत नाही. एमआरआयमध्ये चालणाऱ्या भिंगांची सोय नसेल तर निम्म्या सहभागींना भुवयाच दिसायच्या नाहीत.

मोजमापाच्या बाबतीतही अमिग्डाला त्रासदायक आहे. एका बाजूची अमिग्डाला जेमतेम दीड-दोन घन सेंटिमीटरची. जवळच हवेने भरलेल्या सायनसच्या पोकळ्या, त्यामुळे तिथला सिग्नल विरतो आणि चित्र वाकतं. शेजारून मोठी शीरही जाते, आणि तिच्यातला बदल अमिग्डालाचा म्हणून मोजला जाऊ शकतो. त्यात भर म्हणजे अमिग्डाला लवकर सरावते. तेच ते घाबरलेले चेहरे दाखवत राहिलात तर प्रतिसाद उतरत जातो. म्हणून भावांचा क्रम प्रत्येक सहभागीसाठी बदला, आणि भीतीचे सगळे फोटो पहिल्या रनमध्ये (स्कॅनिंगच्या पहिल्या सलग तुकड्यात) कोंबू नका. पहिल्या रनला माणूस मशीनलाच बिचकलेला असतो. प्रत्येक सहभागीच्या कच्च्या चित्रात अमिग्डालाच्या जागी सिग्नल आहे ना, हे डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअर रिकाम्या जागेचीही सरासरी काढून देतं.

फोटोंचं आता पटकन. एकमन आणि फ्रिझन यांचा १९७६ चा ११० कृष्णधवल फोटोंचा संच, स्वीडनमधला १९९८ चा केडीईएफ (७० माणसं, ७ भाव, ५ कोन, प्रत्येक दोनदा, एकूण ४९०० फोटो) आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निमस्टिम हे जास्त वापरले जातात. तिन्हींत भाव ठरवून, ठळकपणे केलेले आहेत. रोजच्या आयुष्यात कुणी इतकं स्वच्छ घाबरत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सविस्तर दाखवलं आहे की ठरावीक चेहरा म्हणजे ठरावीक भावना, हे नातं आपण समजतो त्यापेक्षा बरंच सैल आहे. शिवाय आपल्या गटातल्या माणसांचे भाव लोकांना जास्त अचूक ओळखता येतात, तेव्हा फोटोंतली माणसं आणि तुमचे सहभागी यांच्यात फार अंतर असेल तर पायलटमध्ये त्याची किंमत दिसेल. सहभागींनी नव्वद-पंचाण्णव टक्के बरोबर ओळखलं तर तोही प्रश्नच, कारण मग कुणाला जास्त येतं, कुणाला कमी, हे कळायला जागाच उरत नाही. दोन भाव कमी-जास्त प्रमाणात मिसळून बनवलेले मॉर्फ त्यासाठी उपयोगी पडतात. एसटीएसमध्ये रस असेल तर स्थिर फोटोंपेक्षा छोट्या व्हिडिओ क्लिप्स घ्या, तिथे प्रतिसाद स्पष्ट मिळतो.

वेळेचं गणित सिग्नलच्या मंदपणावर अवलंबून आहे. चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांत ईईजीमध्ये (डोक्यावरून मेंदूतले विद्युत बदल टिपणाऱ्या चाचणीत) त्याची खूण उमटते, पण रक्तातला बदल कळसाला पोचायला ५-६ सेकंद लागतात आणि ओसरायला आणखी दहा-पंधरा. त्यामुळे ‘आधी कोणता भाग, मग कोणता’ असा दावा एफएमआरआयवरून करायच्या फंदात पडू नका. चेहरा १ ते २ सेकंद, मधलं अंतर कमी-जास्त म्हणजे २ ते ८ सेकंद, आणि प्रत्येक परिस्थितीचे किमान तीस-चाळीस ट्रायल (एकेक चेहरा दाखवण्याच्या फेऱ्या), हे माझं सुरुवातीचं माप. पाच भाव या मापाने बसवून बघा, स्कॅनरचा बराच वेळ त्यातच जाईल आणि शेवटच्या रनला सहभागी कंटाळलेला असेल. भावांची संख्या कमी करण्यामागचं माझं पहिलं कारण हेच आहे.

वीस माणसं पुरतील का, हे तुम्ही काय विचारता त्यावर आहे. चेहरे विरुद्ध आकृत्या, गटाची सरासरी, यासाठी पुरतात. राग विरुद्ध भीती हा फरक लहान आहे. तिथे वीस जणांवर मी भरवसा ठेवणार नाही, निदान दुप्पट माणसं आणि प्रत्येकी जास्त ट्रायल हवेत. आणि ‘ज्यांना चिंता जास्त त्यांची अमिग्डाला जास्त पेटते का’ असा परस्परसंबंध वीस जणांत शोधूच नका. मारेक आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या कामाप्रमाणे असे मेंदू-वर्तन संबंध स्थिरपणे दिसायला हजारो सहभागी लागतात. एलियट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अनेक कामांचा एकत्र हिशेब करून दाखवलं की टास्क-एफएमआरआयच्या मोजमापांची पुन्हा मोजल्यावरची विश्वासार्हता सुमारे ०.४ आहे (१ म्हणजे अगदी तंतोतंत). म्हणजे माणसामाणसांतला फरक मोजायला हे हत्यार बोथट आहे, गटाची सरासरी काढायला चालतं.

सांख्यिकीसाठी मेलेल्या सामन माशाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण तो प्रयोग नेमका आपल्याच विषयाचा होता. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला अटलांटिक सामन स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे भावनिक प्रसंगांतले फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते सांग, असा टास्क दिला. हजारो व्हॉक्सेल (मेंदूच्या चित्रातले छोटे घन तुकडे) एकाच वेळी तपासताना योगायोगाने येणारे खोटे निकाल गाळायची सुधारणा न केल्यावर माशाच्या मेंदूत ‘क्रिया’ सापडली. सुधारणा केल्यावर गायब झाली. त्यांना २०१२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हसून झालं की एकलुंड, निकोल्स आणि नुट्सन यांचं २०१६ चं काम वाचा. ढिलाईने ठेवलेल्या क्लस्टर थ्रेशोल्डवर (ठिपक्यांचा पुंजका खरा मानायची मर्यादा) खोटे रिझल्ट किती वाढतात ते त्यात आहे. कोणता भाग बघणार आणि कोणता थ्रेशोल्ड लावणार हे डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा, शक्य असेल तर नोंदवून ठेवा.

इथवरचा हिशेब असा: तुलना, काम आणि नजर या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. सिग्नलचा मंदपणा आणि अमिग्डालाची जागा नाही.

रिझल्ट लिहिताना ‘इन्सुला उजळली, म्हणजे सहभागींना किळस वाटली’ अशी वाक्यं येतात. याला पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये उलटा निष्कर्ष म्हणून फैलावर घेतलं होतं. खोलीत दिवा लागलाय म्हणून आत अभ्यासच चाललाय असं होत नाही. इन्सुला वेदनेत, अवघड निर्णयात, पोटातल्या संवेदनांतही उजळते. लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एका भावनेला एकच खास भाग असं चित्र दिसलं नाही. त्यामुळे बाकीच्या भावांचे भाग सांगा, या तुमच्या मागणीला माझं उत्तर नकाराचं आहे. तशी यादी बनवू नका.

भाव ओळखायला एखादा भाग आवश्यक आहे का, हे कळायला दुसरी साधनं लागतात. एस. एम.सारख्या रुग्णांचा अभ्यास हे एक, आणि चुंबकीय झटक्याने एखादा भाग क्षणभर अडवणं हे दुसरं. पिचर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उजव्या बाजूचा चेहऱ्याचे अवयव टिपणारा भाग आणि चेहऱ्याच्या स्पर्शसंवेदनेचा भाग असा अडवला, तेव्हा भाव ओळखण्यात चुका वाढल्या. स्कॅनर एकटा ‘आवश्यक’ हा शब्द वापरू देत नाही.

तुमच्या जागी असतो तर मी दोनच भाव घेतले असते, राग आणि भीती. दोन्ही नकारात्मक, दोन्ही धोक्याचे, तरी वेगळे. त्याच फोटोंवर दोन कामं: एकदा ‘राग की भीती?’ आणि एकदा ‘हा माणूस तिशीच्या आतला की पुढचा?’ फोटो तेच असल्यामुळे डोळ्यांचं पांढरं, दात, उजेड हे सगळं वजाबाकीत उडून जातं आणि उरतो तो भाव ओळखायचा प्रयत्न. स्त्री-पुरुष ओळखायचं काम देऊ नका, ते फारच सोपं असतं आणि मग पुन्हा अवघडपणाचाच फरक मोजला जातो. फोटो पायलटमध्ये असे निवडा की दोन्ही कामांचा प्रतिसाद-वेळ आणि अचूकता जवळपास सारखी येईल. हा पायलट साध्या लॅपटॉपवर, स्कॅनरबाहेर, वेगळ्या वीस-पंचवीस जणांवर होतो आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. प्रबंधाचा प्रश्नही मग मांडता येईल असा होतो: तोच चेहरा बघताना, भावाकडे लक्ष दिल्याने एसटीएस आणि अमिग्डालाच्या प्रतिसादात काय बदलतं, आणि तो बदल राग नि भीतीसाठी वेगळा आहे का? पहिल्या अर्ध्याला वीस-पंचवीस माणसांत बरं उत्तर मिळू शकतं. दुसरा अर्धा शोधक स्वरूपाचा आहे असं प्रबंधात स्पष्ट लिहा.

पायलटचे आकडे आले आणि प्रत्येक सहभागीमागे स्कॅनरची नेमकी किती मिनिटं मिळणार ते कळलं, की ट्रायलची संख्या आणि रनची विभागणी पक्की करता येईल. तोवर स्कॅनरच्या तारखा घेऊ नका.